‘एक पालक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ग्लास पुसण्याविषयी

स. न. वि. वि.

बारमनच्या कामाची सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावर आपण ‘एक पालक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलाने कोर्सची फी भरण्याआधी एखाद्या चांगल्या बारमध्ये किमान वर्षभर बारबॅक म्हणून, म्हणजे बारमनचा मदतनीस म्हणून, काम करावे असे मी सुचवले होते. त्यावर आपण लिहिता : “दुसऱ्यांचे उष्टे ग्लास पुसण्याला शिक्षण म्हणणे ही गरिबाच्या पोरांची फसवणूक आहे. मालकांना स्वस्तात पोरे हवी असतात आणि तुमच्यासारखे लोक त्यांची दलाली करतात.” त्यापुढे आपण पगार, व्यसन आणि मुलींनी या कामात यावे का, हे विषय काढले आहेत आणि माझी एक चूकही दाखवली आहे.

चूक आधी मान्य करतो. काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळाले. मी लेखात २०१६ लिहिले होते, ते गोवा राज्याने तिला दिलेल्या वारसा पेयाच्या दर्जाचे वर्ष आहे. ज्याच्या आजोळी, गोव्यातल्या पेडण्यात, दर हंगामात भट्टी लागत असे आणि हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास घरभर येत असे, त्याच्याकडून असा घोटाळा व्हायला नको होता. दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

‘दलाली’ या शब्दाबद्दल मात्र आभार मानता येणार नाहीत. ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्या मिळकतीविषयी असे विधान करताना आपल्याजवळ काही आधार होता का? मी आजवर एकाही मुलाला कामाला लावून कोणत्याही मालकाकडून रुपया घेतलेला नाही. मतभेद मी समजू शकतो. आपले नाव झाकून दुसऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवणे मला समजत नाही.

आता उष्ट्या ग्लासांविषयी, कारण माझ्या मते आपला सारा रोष त्या एका शब्दात आहे. मी २००४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कुडाळहून मुंबईला आलो आणि एका परमिट रूमच्या काउंटरमागे अकरा महिने ग्लास धुतले, पुसले, बर्फ फोडला आणि लिंबे कापली. पहिल्या आठवड्यात मीही हे काम अपमानाचे मानत होतो. मग एका रात्री घाईत मी बर्फाच्या पेटीत स्कूपऐवजी ग्लासच घातला. त्याच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला आणि तो बर्फात कुठे गेला ते दिसेना. आमच्या वयस्कर बारमनने एक शब्दही न बोलता ती भरलेली पेटी मोरीत रिकामी केली, गरम पाण्याने धुतली आणि नवा बर्फ येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धा तास, गिऱ्हाइकांना थांबवून ठेवले. बर्फात काच दिसत नाही आणि ती कोणाच्या घशात जाईल हे सांगता येत नाही, हे मला त्या अर्ध्या तासात जसे कळले तसे कोणत्याही वर्गात कळले नसते.

ग्लास पुसणारा मुलगा काय शिकतो, हे आपण विचारलेले नाही. आपण ते ठरवून टाकले आहे. तरीही सांगतो. धुतलेल्या ग्लासाला तेलकटपणाचा अंश राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही, आणि गिऱ्हाईक बिअर शिळी आहे म्हणून भांडते. पाणी सुटलेला बर्फ शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, घातला तर पेय थंड होण्याआधीच पातळ होते. म्हणून कोणता बर्फ केव्हा काढायचा हे हाताला कळावे लागते. लिंबाचा रस ज्या पेयात आहे ते हलवायचे आणि नुसत्या मद्यांचे असेल ते चमच्याने ढवळायचे, हा नियम कोर्सच्या वहीत एका ओळीत मावतो. पण संध्याकाळी पाचला काढलेला रस रात्री अकराला कसा लागतो, हे ज्याने रोज तो काढला आणि चाखला त्यालाच ठाऊक असते. आपल्याकडे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे २५ पेग बसतात. हात सैल असेल आणि पेगामागे दोन मिलिलिटर जास्त जात असतील, तर तेवीसच पूर्ण पेग निघतात; त्या रात्री रजिस्टरमधला आकडा आणि बाटलीतली पातळी जुळत नाहीत आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला जाब द्यावा लागतो. मी हे पेग मेझर, म्हणजे पेग मोजायचे माप, धुता धुता शिकलो, कारण कोणता बारमन मेझर काठोकाठ भरतो आणि कोणता सांडतो हे मेझर धुणाऱ्याइतके कोणाला दिसत नाही.

आणि माणसे. काउंटरच्या कडेला मान खाली घालून ग्लास पुसणाऱ्या मुलाकडे कोणाचे लक्ष नसते, त्यामुळे त्याला सगळे दिसते : तिसऱ्या पेगानंतर कोणाचा आवाज चढतो, कोण पाकीट चाचपतो, कोणाला आता पाणी आणि जेवण द्यायला हवे. पुढे मी स्वतः काउंटर सांभाळू लागलो तेव्हा ‘साहेब, आज एवढेच’ हे वाक्य कोणाला, कोणत्या क्षणी आणि किती हळू म्हणायचे, ते त्या अकरा महिन्यांच्या जोरावर म्हणू शकलो.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले, तेव्हा मी ज्या हॉटेलात होतो तेही बंद झाले. आमच्यापैकी ज्यांना केवळ बाटल्या उडवता येत होत्या ते महिनोन्‌महिने घरी बसले. मला तीन आठवड्यांत काम मिळाले, कारण नव्या जागी पहिल्या दिवशी मी कोणी न सांगता बर्फाची पेटी तपासली आणि शेल्फवरचे ग्लास उजेडात धरून पाहिले. हा माझा अनुभव आहे, आणि ‘फसवणूक’ म्हणून तो खोडून टाकण्याचा अधिकार मी आपल्याला देत नाही.

आपल्या बाकीच्या मुद्द्यांना फार जागा देण्याचे कारण मला दिसत नाही. काउंटरमागे उभा राहून पिणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. व्यसन बँकेत नोकरी करणाऱ्यालाही लागते. मुलींविषयी आपण जे लिहिले आहे, त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच दिले आहे : मद्य दिले जाते अशा ठिकाणी स्त्रियांना कामाला ठेवण्यास मनाई करणारे, तेव्हा दिल्लीत लागू असलेले पंजाब अबकारी कायद्याचे कलम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. पगाराचा प्रश्न मोठा आहे आणि तो या लेखाचा विषयच नव्हता. मला स्वतःला सुरुवातीला महिना बावीसशे रुपये मिळत, वर टिपेतला छोटा वाटा, आणि फुटलेल्या प्रत्येक ग्लासाचे पैसे त्यातून कापले जात. मी तक्रार केली नाही, आणि त्या दिवसांबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे.

मात्र आपला मुलगा खरोखरच या कामात येणार असेल, तर एवढे त्याला सांगा की जिथे ब्रेकेज पगारातून कापतात तिथे त्याने थांबू नये, आणि जिथे बारबॅकला सहा महिन्यांत एकदाही शेकर हातात देत नाहीत तिथेही थांबू नये. लेखात हे यायला हवे होते, असे आता लिहिताना वाटते. त्याने स्वतः काही विचारले तर मी सवडीने आणि सविस्तर उत्तर देईन. आपल्याशी पुढे बोलण्याआधी मात्र आपण ‘दलाली’ हा शब्द मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.