नळीवर बसलेला कर

गेल्या रविवारी मी 100 रुपये भरून व्यावसायिक छायाचित्रकार झालो. पावती माझ्यापाशी आहे. हे जिथे घडले त्या ठिकाणाचे नाव सांगण्याची माझी फार इच्छा आहे; परंतु पुढच्या महिन्यात पुण्याहून आमचे साडू येणार आहेत आणि त्यांना दाखवण्यासारखे, गोव्यातल्या आमच्या फोंड्याहून जवळचे व भर दुपारीही सावली असलेले दुसरे ठिकाण आमच्या सौ.ना सुचत नाही, म्हणून गप्प बसतो. तिकीट काढून पाहायची एक जुनी बाग आणि तिच्यात एक जुने घर, एवढे पुरे.

तिकिटाच्या खिडकीवर फलक होता : मोबाईल – निःशुल्क, स्टिल कॅमेरा – 100 रुपये, व्हिडिओ कॅमेरा – 500 रुपये. खिडकीत साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. दोन तिकिटे फाडता फाडता त्यांची नजर माझ्या मनगटाला दोरीने लटकलेल्या, शर्टाच्या खिशात सहज मावणाऱ्या माझ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर गेली आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय?"

"कॅमेरा. पण लहान आहे."

"चालू करून दाखवा."

मी बटण दाबले. कुर्र असा आवाज करीत भिंगाची नळी टप्प्याटप्प्याने बाहेर आली. गृहस्थ खुर्चीसकट मागे सरकले आणि शेजारी सुटे पैसे मोजणाऱ्या मुलाला म्हणाले, "नळी भायर येता मरे!" मग माझ्याकडे वळून, परक्या माणसाला वाईट बातमी सांगताना वापरतात तशा शुद्ध मराठीत त्यांनी निर्णय दिला, "साहेब, नळी बाहेर येते, म्हणजे हा मोठा कॅमेरा. शंभर रुपये पडतील."

"अहो, बंद केल्यावर हा दीड इंचसुद्धा जाड नाही."

"बंद केल्यावर सगळेच लहान असतात."

या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. तेवढ्यात आमच्या शेजारून एक तरुणी आत गेली. तिच्या हातात एक दांडी होती, दांडीच्या टोकाला आपोआप तोल सांभाळणारे यंत्र होते आणि त्या यंत्रात पाठीवर तीन भिंगे असलेला मोबाईल बसवलेला होता. ती बोलत होती, चित्रण चालू होते, आणि त्या चित्रणात खिडकी, गृहस्थ, फलक व मी असे सगळेच निःशुल्क सापडत होतो.

"तिच्या मोबाईलला तीन कॅमेरे आहेत," मी म्हणालो.

"तिन्ही आतच आहेत ना?"

"तिच्या मोबाईलमधला सेन्सर माझ्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा मोठासुद्धा असू शकेल."

"असेल. दिसत नाही."

मी त्यांना समजावून सांगू लागलो की, माझ्या कॅमेऱ्यातील ज्या तुकड्यावर चित्र उमटते तो जेमतेम 6 मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच आहे. खरे व्यावसायिक लोक जो कॅमेरा वापरतात त्यात तो 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे 30 पट. तेव्हा शुल्क सेन्सरच्या मापाने लावायचे ठरल्यास माझ्याकडून सव्वातीन रुपये घ्यावेत. गृहस्थांनी हे सर्व मान हलवत ऐकून घेतले. शेवटी त्यांनी विचारले, "व्हिडिओ निघतो काय?"

मी गप्प राहिलो. आमच्या सौ.ना मात्र शिमग्यातली ढोलताशांची मिरवणूक आठवली; त्या उत्साहाने म्हणाल्या, "निघतो की! मागच्या शिगमोतल्या रोमटामेळाचा केवढा छान काढला होता यांनी."

"मग पाचशे."

यानंतरची बोलणी लांबली. व्हिडिओ काढणार नाही असे लिहून देण्याची तयारी मी दाखवली. तसे लिहून घेण्याची वही त्यांच्याकडे नव्हती. कॅमेरा खिडकीत ठेवून जातो म्हणालो. तो हरवल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि स्वतःच खांदे उडवले. रांगेतले कोल्हापूरकडचे एक पाहुणे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ओ काका, खिशात टाका आन् चला की आत!" त्यांची कुजबुज नारळाच्या झाडावरच्या माणसालाही ऐकू गेली असती. "आता मला ऐकू आले," गृहस्थ अत्यंत खिन्नपणे म्हणाले. "ऐकू आले नसते तर गोष्ट वेगळी होती." अखेर 100 रुपयांवर तडजोड झाली आणि पावतीवर त्यांनी निळ्या शाईने 'स्टिल, व्यावसायिक' असे लिहिले.

कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते आणि एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागत. चित्रात बिंदू होते अवघे 10 हजार. त्या यंत्राला मात्र आमच्या खिडकीतून फुकट प्रवेश मिळाला असता, कारण त्याची नळी बाहेर येत नव्हती.

ही नळीच तर या कॅमेऱ्याची खरी कमाई आहे, आणि नेमका तिच्यावरच कर बसावा याचे मला अधिक वाईट वाटते. भिंगे प्रत्यक्ष पुढेमागे सरकतात म्हणून करमळीच्या तळ्यातली जांभळी पाणकोंबडी मला काठावरून, तिच्या लाल चोचीसकट टिपता येते. माझा पुतण्या आपल्या साध्या मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटे ताणून तीच पाणकोंबडी जवळ आणतो तेव्हा चित्राचा मधला भाग नुसता फुगवला जातो आणि त्यात एक जांभळा डाग उरतो, जो तो लगेच सर्वांना पाठवतो. माझ्या कॅमेऱ्याला दाबण्यासाठी खरे बटण आहे, अर्धे दाबले की तो नेम धरतो. मनगटाला अडकवायची दोरी आहे, त्यामुळे फेरीबोटीच्या कठड्यावर वाकलो तरी तो मांडवीत पडत नाही. त्याचा फ्लॅश असा लखकन पडतो की रात्री ढोल वाजवणाऱ्याचा उगारलेला हात हवेतल्या हवेत थांबतो. तो फ्लॅश चार हातांपलीकडे पोचत नाही आणि ढोलवाल्याच्या मागचे सगळे पथक काळोखात बुडते, हे खरे आहे. पण ढोलवाला उत्तम येतो.

त्याच्या दोषांविषयी कोणी बाहेरच्याने बोललेले मला खपत नाही, म्हणून मीच बोलतो. या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायची खिडकी नाही, फक्त पाठीवर पडदा आहे, आणि गोव्याच्या उन्हात त्या पडद्यावर छायाचित्रकाराच्या स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही. त्या दिवशी बागेत मी 100 रुपयांचा मोबदला म्हणून जी छायाचित्रे काढली, ती सर्व अंदाजाने काढली. जुन्या घरात शिरलो तर तिथे फ्लॅशला मनाई होती, आणि अंधारात त्या चिमुकल्या सेन्सरने काढलेल्या चित्रात देव्हाऱ्याच्या भिंतीवर रवा सांडल्यागत दाणे उमटले. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून त्याला चार महिने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे लागते. समुद्रकिनाऱ्यावर तर त्याला नेणेच नको; वाळूचा एक कण नळीच्या फटीत गेला की ती अर्ध्यावर अडकते आणि पडद्यावर भिंगात बिघाड असल्याची सूचना येते. दुरुस्तीला नेल्यावर दुकानदार तो न उघडताच "नवीन मोबाईल घ्या" असे सुचवतो. चित्रे घरी आणल्यावर कार्ड लॅपटॉपला लावावे म्हटले, तर नव्या लॅपटॉपला कार्डाची खाचच नाही.

म्हणजे छायाचित्रकारांच्या घोळक्यात याला कोणी कॅमेरा म्हणत नाही आणि दारावरचा माणूस याला मोबाईल म्हणू देत नाही. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 मध्ये कंपन्यांनी जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे धाडले होते, आणि 2020 मध्ये हा आकडा 90 लाखांच्याही खाली आला. ज्या मोबाईलांनी ही जागा घेतली ते आत फुकट जातात, आणि उरल्यासुरल्यांकडून वसुली होते. त्या बागेत त्या दिवशी निदान 200 कॅमेरे फिरत असतील. शुल्क भरलेला एकटा माझा. कॅमेऱ्यामुळे बागेची काय झीज होते हे मला कळत नाही, पण होत असलीच तर ती दांडीवाल्या तरुणीने अधिक केली, कारण चित्रणासाठी ती हळदीच्या वाफ्यात उभी होती आणि मी पायवाटेवर होतो.

बाहेर पडताना खिडकीपाशी अभिप्रायाची वही दिसली. म्हणजे वही होती! आधीच्या लोकांनी 'छान', 'सुंदर', 'पुन्हा येऊ' अशा एकदोन शब्दांत आपापली ओळ भरली होती. मी नाव आणि गाव लिहून पुढच्या रकान्यात सुरुवात केली, तो संपल्यावर खालच्या ओळी घेतल्या, नंतर समास घेतला, आणि सेन्सरची दोन्ही मापे, नळीचे प्रयोजन व फलकातील विसंगती हे सर्व क्रमाने मांडून पान पुरे केले. पुरावा हवा म्हणून सौ.नी त्या पानाचे छायाचित्र आपल्या मोबाईलवर काढले. त्यांना कोणी हटकले नाही.

गृहस्थांनी वही आपल्याकडे ओढली, चष्मा चढवला आणि पान वरपासून खालपर्यंत, मध्ये एकदाही न थांबता वाचून काढले. मी वाट पाहत उभा होतो.

"अक्षर बरें आसा तुमचें," ते म्हणाले.