टीमची वर्गणी कुणाच्या नावावर

ताईची मुलगी खोखो खेळते, आणि गेल्या महिन्यात तिच्या शाळेची टीम राज्यस्तरीय स्पर्धेला सिलेक्ट झाली. आनंदीआनंद. पण दोनच दिवसांत शाळेतून निरोप आला की प्रवास, ट्रॅकसूट आणि राहण्याचे मिळून प्रत्येक पालकाने अडीच हजार द्यावेत, आणि जमलं तर ओळखीपाळखीतून अजून काही गोळा करावेत. झालं, आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली. भाऊजी म्हणाले, हे सरकारचं काम आहे, पालकांनी दारोदार का फिरायचं? मावसभाऊ म्हणाला, अहो अमेरिकेत बघा पालक पोरांच्या टीमसाठी किती करतात, आपल्याकडे नुसतं सरकारकडे बोट. आणि मग दोघांनी मला टॅग केलं, तू सांग तिकडे कसं असतं.

ग्रुपवर चार ओळींत सांगण्यासारखं नाहीये ते, म्हणून इथे लिहितोय.

मी कॅलिफोर्नियात राहतो, लेक सरकारी हायस्कूलच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आहे. इथे बहुतेक टीममागे पालकांचा बूस्टर क्लब असतो, म्हणजे टीमसाठी पैसे उभे करणारा गट. शनिवारी कार वॉश, मॅचच्या वेळी स्नॅक्सचा स्टॉल, रेस्टॉरंटवाल्यांना गाठून त्या संध्याकाळच्या विक्रीतला वाटा मागणं, हे सगळं पालक करतात आणि मनापासून करतात, त्यात खोटं काही नाही. मावसभावाचं तेवढं बरोबर आहे.

पण त्याला जे माहीत नाही ते हे की इथल्या सरकारी शाळेला खेळासाठी फी घेताच येत नाही. १९८४ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांता बार्बराच्या केसमध्ये तसा निकाल दिला, तिथे शाळा एकेका खेळामागे २५ डॉलर घेत होत्या. शाळांचं म्हणणं होतं की गरिबांना आम्ही माफ करतो की. कोर्टाने तेही मानलं नाही. मोफत म्हणजे सगळ्यांना मोफत, पोराने आपली गरिबी सिद्ध करून मैदानात उतरायचं नाही. मला हा निकाल फार मोठा वाटतो, कारण आपल्याकडे वाद झाला की पहिला तोडगा हाच निघतो, ज्यांना जमत नाही त्यांनी सरांना येऊन भेटा. कोण येतं भेटायला? पोर येऊन सांगतं, सर मला नाही खेळायचं.

आता फी बंद, म्हणून इथे देणगी आली. २०१३ पासून लागू असलेला कायदा परत बजावतो की देणगी ऐच्छिकच पाहिजे. कागदावर ऐच्छिक असते. आमच्या पहिल्या वर्षी पालकांच्या मीटिंगमध्ये पडद्यावर एक यादी लावली होती, खेळाडूचं नाव आणि पुढे आकडा. काही नावांपुढे रकाना रिकामा. त्यातल्या एका मुलीची आई रात्री ऑफिसांची साफसफाई करते. आदल्याच शनिवारी कार वॉशला ती माझ्या शेजारी होती, सकाळी साडेसहाला स्वतःची बादली, स्वतःची फडकी घेऊन आलेली, रात्रपाळी संपवून थेट. काच कशी पुसायची ते तिनेच आम्हाला दाखवलं, आधी ओल्या फडक्याने आडवं, मग कोरड्याने उभं, म्हणजे डाग कुठल्या बाजूला राहिलाय ते कळतं. चार तास ती वाकून काम करत होती, आणि मीटिंगमध्ये तिच्या मुलीच्या नावापुढचा रकाना रिकामा. ती उठून बाहेर गेली. मी काहीच बोललो नाही, ते अजून खुपतं.

हा प्रश्न एका टीमपुरता नाहीये. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची केस टॅक्स कोर्टात गेली होती, २०१३ साली निकाल लागला. तिथे पालक भेटवस्तू गुंडाळायचे कागद वगैरे विकायचे, आणि जो जितका फायदा आणेल तितके पॉइंट त्याच्या खात्यावर, आणि तेवढी त्याच्या पोराची फी कमी. जो काही विकू शकला नाही त्याने पूर्ण पैसे भरायचे. कोर्टाने सांगितलं की ही धर्मादाय संस्था नाही, आईबाप आपल्याच पोरासाठी कमावतायत, आणि क्लबची करसवलत गेली. तरी अशी खाती अजून ठिकठिकाणी चालतात, कारण ऐकायला ती न्याय्य वाटतात, मी राबलो तर माझ्या पोराला मिळायला नको का? नाही, नको. टीम म्हटल्यावर नको. ज्याचा मामा दुकानदार आहे आणि ऑफिसात पन्नास लोक आहेत त्याचे पैसे जमणारच, आणि ज्याची आई रात्री फरशा पुसते ती कुणाला विकणार?

आणि पालकांवर सोडलं की अजून एक होतं. आमच्याकडे मुलांच्या बेसबॉल टीमचे पालक जास्त पैसेवाले, त्यांनी नवा स्कोअरबोर्ड आणला, डगआउटला, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेला, छत घातलं. शेजारच्याच मैदानावर आमच्या मुली उन्हात बाकावर. विचारलं तर उत्तर, ते त्यांच्या पालकांनी केलंय, शाळेचा काय संबंध. पण संबंध आहे. शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभाव नको म्हणणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे, पैसे कुणाच्याही खिशातून आलेले असोत, मुलामुलींच्या सोयींमध्ये फरक पडला तर उत्तर शाळेला द्यावं लागतं. आम्हाला हे माहीत होईपर्यंत एक वर्ष गेलं, आणि पत्र लिहून छत यायला दुसरं. मग आलं. आपल्याकडे मुलींच्या टीमसाठी असं कुठे पत्र लिहायचं ते मला ताईला सांगता आलं नाही.

आता भाऊजींचं. त्यांचं मूळ म्हणणं मला पटतं. मैदान, मॅट, प्रशिक्षकाचा पगार हे पालकांच्या वर्गणीतून कधीच होऊ नये. खोखोच्या मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि बऱ्याच पोरी सराव करतात मातीत, हा फरक कार वॉश करून भरून निघणारा नाहीये. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खोखो वर्ल्ड कप झाला, भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्हींचे कॅप्टन, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. त्या राज्यात शाळेच्या टीमने बसभाड्यासाठी हात पसरायचे? २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे साखर कारखान्यापासून एमआयडीसीतल्या कंपनीपर्यंत ज्यांना तो नियम लागू होतो त्यांच्याकडे शाळेने हक्काने जावं.

पण सरकार देईल तेव्हा देईल, स्पर्धा पुढच्या आठवड्यात होती. खाशाबा जाधवांचंच बघा. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल आलं. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच, पण ब्राँझ घेऊन आल्यावर त्या माणसाने ते घर सोडवायला कुस्त्या भरवल्या हेही त्याच दमात सांगायला पाहिजे. ज्यांनी दिलं ते थोर, ज्यांनी देणं भाग होतं आणि दिलं नाही त्यांचं काय? मला दोन्ही एकत्र आठवतं, म्हणून मी ग्रुपवर कुणाच्याच बाजूने नीट बोलू शकलो नाही.

एक मात्र आहे, वर्गणी कशी काढायची हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. वर्गणी सगळ्यांची असते. गणपतीला ज्याने पाच हजार दिले आणि ज्याने एकवीस रुपये दिले त्या दोघांच्या पोरांना आरतीला सारखंच उभं राहता येतं. हिशोब बोर्डावर लागतो, न लागला तर लोक जाब विचारतात. ही चांगली सवय सोडून शाळा आता माणशी दर लावायला लागल्यात, आणि आपण त्याला अमेरिकेसारखं म्हणून मान डोलावतोय, याचं मला वाईट वाटतं.

मग मी ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं, ती यादी, ती बादली, सगळं. ती म्हणाली थांब, मी सरांशी बोलते. सर चांगले निघाले, माणशी अडीच हजार काढून टाकलं, एकच डबा केला, एकूण जमले किती आणि खर्च किती तेवढं बोर्डावर लिहायचं ठरलं, आणि नावांची वही फक्त सर आणि ताईकडे. भाऊजींनी एका कारखान्याला पत्र दिलं, उत्तर अजून यायचंय. टीम गेली, सगळ्या मुली गेल्या.

परवा ताईने त्या वहीच्या पानाचा फोटो मला एकट्याला पाठवला, नावं बोटाने झाकून. एका ओळीत रकमेच्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलंय, दोन रविवार मैदानावर फक्की मारली.