पत्रा कुणाचा, वारा कुणाचा

"रोज यलो अलर्ट! मे महिनाभर एकच पाठ. मेघगर्जनेसह, सोसाट्याच्या वाऱ्यासह, तुरळक ठिकाणी. या तुरळक ठिकाणी राहतं तरी कोण?" अप्पांनी बसायच्या आधीच बार उडवला.

मुलाकडं शिकागोला राहून आल्यापासून अप्पांना इथलं ऊनसुद्धा कमी दर्जाचं वाटतं. "तिकडं सांगतात, दुपारी तीनला कोल्ड फ्रंट येणार. की तीनला हजर! स्वेटर घालून दारात उभं राहायचं फक्त. आणि आपलं ते सिमला ऑफिस..."

(सिमला ऑफिस म्हणजे पुण्यातलं हवामान खात्याचं ऑफिस. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि १९४४ साली दिल्लीला गेलंसुद्धा. पण भारतात कुठंही पाऊस चुकला की अप्पांच्या लेखी गुन्हेगार शिवाजीनगरच्या त्या चौकातच बसलेला असतो.)

"अप्पा, तिकडचा फ्रंट म्हणजे थंड हवेची शेकडो किलोमीटर लांबीची फळी," विज्या म्हणाला. विज्या वायरमन आहे. वळवाच्या दिवसांत त्याचं जेवण ताटात निवतं, त्यामुळे वाऱ्याबद्दल तो बोलला की आम्ही ऐकतो. "ती कुठून निघाली, कुठवर आली, दोन दिवस आधीपासून दिसते. आपला ढग दुपारी जन्माला येतो आणि दिवेलागणीला मरतो. कात्रजला झोडपतो, स्वारगेटला धूळसुद्धा उडत नाही. त्याची पत्रिका सकाळी कोण मांडणार? म्हणून जिल्ह्याला मिळून इशारा देतात, आणि ढग उभा राहिला की पुढच्या तीन तासांचा वेगळा देतात. तो तुम्ही वाचत नाही."

"मग हा गार वारा येतो कुठून? युरोपातून थेट थंड लाट आलीय. कालच ग्रुपवर आलंय, नकाशासकट."

"ग्रुपवर केळीनं कॅन्सर बरा होतो असंही आलं होतं," बंड्या. "तेही तुम्हीच टाकलं होतं."

"पश्चिमेकडचे विक्षोभ, म्हणजे तिकडून सरकत येणारी वादळी हवा, भूमध्य समुद्राकडून येतात हे खरं," विज्या शांतपणे म्हणाला, "पण त्यांचा खरा तमाशा हिमालयात. आपल्याकडं या दिवसांत जमीन तापलेली, मराठवाड्यापासून खाली केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा, दोन्ही समुद्रांकडून बाष्प. ढग चढतो. त्यातला पाऊस खाली येताना कोरड्या हवेत निम्मा वाटेतच वाळतो. वाळताना हवा गार होते, गार झाली की जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते, तो तुमचा गार वारा. म्हणून पावसाच्या आधी वारा येतो. त्याला व्हिसा लागत नाही."

अप्पा सोडून सगळे हसले. अप्पांनी डोळे मिटून 'असू दे, असू दे' केलं. हे ते मुद्दा संपल्यावर करतात.

दिन्या इतका वेळ मोबाईलवर मामाशी बोलत होता. त्यांचा जुन्नरला कांदा काढून वावरातच पडलाय, चाळीत भरायचाय. "मामा विचारतायत, पाऊस येणार का?"

"बघ, इथंच चुकतं सगळ्यांचं," विज्या उसळला. "त्यांचं ठीक आहे, त्यांचा कांदा भिजणार. पण इथं शहरातही जो तो पावसाचंच विचारतो. इशाऱ्यात पाऊस पुढं असतो आणि मागं लिहिलेलं असतं, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगानं वारा. ते कुणी वाचत नाही. वारा दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट होतो. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ ला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली ती काय पावसानं? ४० बाय ४० ची मर्यादा आणि उभं केलं होतं १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग. अकोल्यात पारसला, एप्रिल २०२३. वादळात लोक देवळाच्या पत्र्याच्या शेडखाली थांबले, वरून कडुनिंब पडला. सात जण. आणि आपण झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो, मुळं तोडून केबल टाकतो. झाड पडलं की मग पेपरात 'वादळाचा तडाखा'. वारं तर बिचारं सांगून आलेलं असतं."

कट्टा जरा गप्प झाला. असा गप्प कट्टा बंड्याला सोसत नाही.

"सांगून आलेल्यावरून आठवलं. अप्पा, माझ्या स्कूटरचं काय?"

नवीन वाचकांसाठी एवढंच, की गेल्या वर्षी अप्पांच्या गच्चीवरच्या शेडचा एक पत्रा वळवात उडाला आणि थेट बंड्याच्या स्कूटरवर उतरला. आरसा गेला, सीट फाटली. सोसायटीच्या मीटिंगा झाल्या, दोन कुटुंबांनी एकमेकांकडं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. ती सीट अजून चिकटपट्टीवर आहे.

"ती दैवी आपत्ती होती," अप्पा ताठ झाले. "मी काय करणार? खात्यानं काही सांगितलं होतं का?"

"आत्ता तर म्हणालात, मे महिनाभर रोज अलर्ट असतो," विज्या म्हणाला. "मागच्या वर्षीही हेच बोंबलत होतात."

"हो मग! रोजच असतो!"

"म्हणजे त्या दिवशीही होता."

अप्पांनी तोंड उघडलं, मिटलं.

"मग पत्रा का नाही बांधलात?"

"अरे, रोज रोज कोण बांधणार!"

"रोज कशाला? एकदाच बांधायचा असतो, अप्पा. नटबोल्ट नावाची वस्तू शिकागोत मिळत नाही का?"

दिन्यासुद्धा मामाला होल्डवर ठेवून हसला. अप्पा म्हणाले, शेडला मुळात सोसायटीची परवानगी होती आणि बंड्याची स्कूटर मात्र नो पार्किंगमध्ये होती. त्यावर बंड्या म्हणाला, पत्राही नो पार्किंगमध्येच उतरला, त्याला कुणी पावती फाडली नाही. मग नेहमीप्रमाणे लिफ्टचं बिल, गणपतीची वर्गणी आणि २०१९ साली टाकीचं झाकण कुणी उघडं ठेवलं होतं इथपर्यंत गाडी गेली. हवामान खातं सुटलं.

शेवटी अप्पांनी आरशाचे पैसे कबूल केले. सीटचे नाहीत. सीट म्हणे आधीच फाटलेली होती.