‘लस घेऊनही कोरोना झालाच ना?’ या संदेशातील दाव्यांचा प्रतिवाद

व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत. कोरोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी निम्म्यांनी लस घेतलेली होती, म्हणजे लस निरुपयोगी होती. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी लसीकरणच घटनाबाह्य ठरवले. लस बनवणाऱ्या कंपनीने लंडनच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला असून तरुण माणसे त्या लसीमुळेच हृदयविकाराने जात आहेत. आणि शेवटी, ‘म्हणून आपल्या लेकरांना कुठलीच लस टोचू नका’. एरवी असला मजकूर मी वाचून पुसून टाकते. पण हा संदेश सासरच्या ग्रुपवरून माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिच्या अकरा महिन्यांच्या मुलीच्या लसीकरण कार्डावर गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोससमोरचा रकाना अजून कोरा आहे. त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यातला आकडा खरा असला तरी निष्कर्ष साफ चुकीचा निघतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या सुमारे १०,६०० कर्मचाऱ्यांची २०२१ च्या पहिल्या काही महिन्यांतील नोंद तपासून प्रसिद्ध केली. बहुतेकांनी कोविशील्ड घेतली होती. दोन्ही डोस घेतलेल्यांपैकी ६४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकही डोस न घेतलेल्यांपैकीही ६४ जणांनाच. एवढेच वाचून थांबले तर लस घेणारे आणि न घेणारे सारखेच, असे कोणीही म्हणेल, आणि संदेश लिहिणारा नेमका तिथेच थांबतो. पण दोन्ही डोस घेतलेले होते ७,०८० आणि एकही न घेतलेले होते १,६०९. म्हणजे पहिल्या गटात शंभरांत एकाहूनही कमी माणसे दाखल झाली आणि दुसऱ्या गटात शंभरांत चार. प्राणवायू लावावा लागला तो ७,०८० पैकी ४ जणांना आणि १,६०९ पैकी ११ जणांना. अतिदक्षता विभागात गेले ते अनुक्रमे २ आणि ८. महामारी सुरू झाल्यापासून तोवर तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये जो एक मृत्यू झाला, तो लस न घेतलेल्या आणि आधीपासून इतर आजार असलेल्या व्यक्तीचा होता.

हा हिशेब न कळण्याइतका अवघड नाही. जसजसे अधिकाधिक लोक लस घेतात, तसतशी रुग्णांमध्येही लस घेतलेल्यांची संख्या वाढणारच. एखाद्या गावात शंभर टक्के लसीकरण झाले, तर तिथला प्रत्येक रुग्ण लस घेतलेलाच असेल. प्रश्न विचारायचा तो असा, की लस घेतलेल्या हजारांमागे किती जण गंभीर झाले आणि न घेतलेल्या हजारांमागे किती. भाजक लपवून नुसता भाज्य दाखवणे ही फसवणूक आहे, मग ती अजाणतेपणी केलेली असो वा हेतुपुरस्सर.

या पाहणीच्या मर्यादा मला मान्य आहेत. ती ओमायक्रॉन येण्याआधीची आहे, पाठपुराव्याचा काळ मोजक्या महिन्यांचा आहे आणि त्यातली माणसे नोकरीच्या वयाची आहेत. लस घेतली की संसर्गच होणार नाही, अशी समजूत २०२१ मध्ये पसरू देण्यात आली हेही मी नाकारत नाही. त्याच पाहणीत दोन्ही डोस घेतलेल्यांपैकी ६७९ जणांना संसर्ग झालाच होता, प्रमाण ९.६ टक्के, तर लस न घेतलेल्यांत २७.२ टक्के. लसी मुख्यतः आजाराची तीव्रता कमी करतात, संसर्ग रोखत नाहीत, हे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, तत्कालीन महासंचालकांनी डिसेंबर २०२१ च्या अखेरीस जाहीरपणे सांगितले. तोवर अनेकांचा समज पक्का झाला होता, आणि समज खोटा ठरल्यावर लोकांचा राग लसीवर निघाला. तो राग मी समजू शकते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य करू शकत नाही.

दुसरा दावा न्यायालयाविषयीचा. लसीच्या सक्तीविरुद्ध बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांनी केलेल्या याचिकेवर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल संदेशात अर्धाच सांगितला आहे. कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, कारण शरीरावरचा अधिकार हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने म्हटले, ते खरे. पण त्याच निकालात केंद्राचे लसीकरण धोरण अवाजवी किंवा मनमानी म्हणता येणार नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर प्रमाणशीर मर्यादा घालू शकते, हे तत्त्वही मान्य केले आहे. लसीकरण घटनाबाह्य ठरवल्याचे एक वाक्यही त्यात नाही.

मात्र सक्तीच्या बाबतीत संदेशकर्त्याच्या हाती सत्याचा एक तुकडा आहे, आणि तो त्याला द्यावाच लागेल. लस न घेतलेल्यांपासून इतरांना होणारा धोका लस घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही, म्हणून तेव्हाची बंधने प्रमाणशीर नाहीत आणि रुग्णसंख्या कमी आहे तोवर ती मागे घ्यावीत, असे खंडपीठाने सुचवले. महाराष्ट्राने आपले निर्बंध त्याआधीच, एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला उठवले होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन्ही डोस होऊन चौदा दिवस उलटलेल्यांनाच सर्वसाधारण प्रवासाची मुभा होती. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तर नोव्हेंबर २०२१ मध्ये किमान एक डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल देऊ नये, असा आदेश निघाला. गरिबाचे धान्य अडवून लस देणे मला अन्यायाचे वाटते. घरोघरी जाऊन शंका फेडणाऱ्या आशाताईंनी कमावलेला विश्वास अशा आदेशांनी घालवला. तरीही सक्ती चुकीची होती म्हणून लस चुकीची होती, असे होत नाही.

तिसऱ्या दाव्याला फार जागा देण्याची गरज नाही. रक्तात गुठळ्या होणे आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होणे हा अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीचा, म्हणजे भारतातल्या कोविशील्डचा, अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम आहे. कंपनीने २०२४ मध्ये बातम्यांत आलेल्या न्यायालयीन कागदपत्रांत तो मान्य केला, पण युरोपच्या औषध नियामक संस्थेने तो एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. भारतातील तज्ज्ञ समितीने मे २०२१ मध्ये कोविशील्डनंतर गुठळ्या झाल्याची २६ संभाव्य प्रकरणे, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१, नोंदवली. ज्या घरातले माणूस त्यात गेले, त्या घराला हे प्रमाण ऐकवणे क्रूरपणाचे आहे. अशा कुटुंबांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवणारी केंद्राची २०२२ ची भूमिका मला अजिबात पटत नाही. हृदयविकाराबद्दल म्हणाल, तर आयसीएमआरने देशातील ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयोगटातील ७२९ अचानक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली आणि लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. कोरोनामुळे रुग्णालयात राहावे लागणे, घरात कोणाचा असा मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत अतिमद्यपान, अतिश्रमाचा व्यायाम ही कारणे मात्र ठळकपणे पुढे आली.

राहिला चौथा दावा, आणि त्याला ‘दावा’ म्हणणेही मला जड जाते. कोरोनाच्या लसीबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्याचा गोवराच्या लसीशी संबंध नाही. गोवराची लस देशातल्या नियमित लसीकरणात १९८५ पासून आहे. कोरोनाच्या काळात हे लसीकरण विस्कळीत झाले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराचा उद्रेक होऊन लहान मुले दगावली. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही लागण होऊ लागल्याने उद्रेकाच्या भागांत सहाव्या महिन्यापासून एक जादा डोस देण्याची सूचना केंद्राला करावी लागली. एवढ्या लहान बाळाला एरवी गोवराची लस मिळत नाही. त्याचा बचाव आजूबाजूच्या मोठ्या मुलांनी लस घेतलेली असण्यावर अवलंबून असतो. नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस शंभरांतल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण देतो, म्हणूनच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा द्यावा लागतो. ज्यांचा पहिला डोस राहून गेला आहे, त्यांना तो पाच वर्षांचे होईपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. मूल नऊ महिन्यांचे होऊन गेले असेल, तर येत्या लसीकरण सत्रालाच कार्ड घेऊन जावे.