त्या सोडलेल्या चोणकाबद्दल आणि आमच्या चुकांबद्दल

नमस्कार दादा,

गोव्यातल्या चोपडे गावच्या आमच्या लॉजबद्दलचा तुमचा अभिप्राय परवा वाचला. उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण आधी दिराशी नीट बोलायचं होतं. मासेमारीच्या होडीवर तोच होता.

तुम्ही लिहिलंत की बाबांच्या सत्तरीसाठी पुण्याहून आलात, तीन दिवसांचे पैसे भरलेत. रोज वेगळ्या वेळी पहाटे उठवलं, दोन दिवस गळाला काही लागलं नाही, तिसऱ्या दिवशी बाबांना मोठा चोणक मासा लागला तर तो न विचारता पाण्यात सोडला, आणि रात्री ताटात बाजारातला बांगडा आला. शिवाय एका रात्री एसी बंद होता आणि होडीवर बीअर नेऊ दिली नाही. यातलं काहीच खोटं नाही. पण ते तसं का झालं हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि ते सांगणं माझं काम होतं.

मुळात चुकलं ते बुकिंगलाच. तुम्ही फोनवर तारखा दिल्यात, मी खोली रिकामी आहे का तेवढंच बघितलं, तिथी बघितलीच नाही. तुमचे तीन दिवस म्हणजे अष्टमी, नवमी, दशमी. हे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा शापोरा नदीत पाणी जवळपास दोन मीटर चढतं-उतरतं. भांगाला त्याच्या निम्म्यावर येतं. चोणक, तांबोशी हे मासे खाडीच्या तोंडाशी आणि चिपीच्या (खारफुटीच्या झाडांच्या) मुळांजवळ दबा धरून बसतात. ओहोटीचं पाणी जोरात निघालं की त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते, आणि त्यांना आयतं खाणं मिळतं. पाणी संथ असलं की तेही संथ. तुमच्या पहिल्या दोन दिवसांत तेच झालं. आमच्या चोपड्यातलं गरी (गळ) घेऊन बसणारं लहान पोरही हे सांगेल, आणि मी लॉज चालवून ते तुम्हाला सांगितलं नाही.

वेळा बदलत होत्या त्याही भरतीमुळे. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात, की भरती कधी भरेल याचा ढोबळ अंदाज येतो. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. दीर तुम्हाला भरती भरायच्या तासभर आधी नेत होता, म्हणजे पाणी फिरतं ती वेळ हातची जाऊ नये. हा हिशेब आदल्या रात्री जेवताना सांगितला असता तर पहाटेचं उठणं तुम्हाला जाच वाटला नसता.

आता चोणक. रायगडकडे याला जिताडा म्हणतात. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की, मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा चोणक ही बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच असते. तिला खाल्लं तर या नदीत पुढचे चोणक यायचे कुठून? म्हणून इतका मोठा चोणक आमच्या होडीवर येत नाही, तो सोडायचाच. हा नियम मी बदलणार नाही, कितीही वाईट अभिप्राय आले तरी.

पण नियम होडीत बसायच्या आधी सांगायला हवा होता. दीर सांगतो, गरी काढून त्याने मासा होडीला लागून पाण्यातच धरला, तोंड प्रवाहाकडे करून. कल्ले उघडझाप करायला लागले, शेपटीचा जोर हाताला लागला तसा सोडला. बाबा वाकून बघत होते आणि त्यांचा हात माशाच्या पाठीवर होता. तेवढ्यात एक फोटो काढायला दहा सेकंद पुरली असती. ते त्याला सुचलं नाही, त्याची त्यालाच चुटपुट आहे. सत्तराव्या वर्षी पहिला चोणक लागला आणि घरी दाखवायला काही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बांगडा त्याच सकाळी शापोऱ्याच्या जेटीवरून आणला होता, तिरफळं घालून हुमण (कालवण) केलं होतं. तो शिळा नव्हता. पण जाहिरातीत मी ‘तुम्ही पकडलेला मासा तुमच्या ताटात’ असं लिहिलं होतं, आणि ते वचन कोणालाच देता येत नाही. ती ओळ काल काढली. वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवेच चालतात, हेही आता खोलीच्या माहितीत लिहिलंय. बीअरचं मात्र नाहीच. नदीच्या तोंडावर पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे, तिथे लाट अचानक फुटते. लाइफ जॅकेट घालायचं आणि शुद्धीत बसायचं.

पहिल्या दोन दिवसांच्या होडीचे पैसे मी परत पाठवते आहे. अभिप्राय बदला असं म्हणत नाही, राहू दे तो. दुसऱ्यांना उपयोगी पडेल.

बाबांना पुन्हा आणणार असाल तर जून-जुलै सोडा, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतरही पावसाचं गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा चांगला, नाहीतर एप्रिल-मे. नाताळात खोलीचे दर चढतात आणि भरती काही सुट्ट्या बघून येत नाही. रेल्वेने आलात तर पेडणे किंवा थिवी, विमानाने मोपा. कुठूनही फोन करा, गाडी पाठवते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बाबांसाठी टोपी तेवढी आणा, बाकी गरी-दोरी आमच्याकडे आहे.

तारखा तुम्ही ठरवू नका. महिना सांगा, तिथी बघून दिवस मी कळवते.