तुकतुकी वांग्याची, तवंग भरिताचा

मे महिन्यात जळगावात दुपारी दोन वाजता स्कूटीवरून जाणाऱ्या बाईचे फक्त डोळे दिसतात. बाकी सगळं स्कार्फ, सनकोट आणि हातमोज्यांत. एवढं गुंडाळून घेतल्यावर सनस्क्रीन कशाला, असं मला बरीच वर्षं वाटायचं. सासूबाई अमळनेरच्या. पहिली ट्यूब आणली तेव्हा किंमत ऐकून म्हणाल्या, "इतला पैसा तोंडले लावस का माय?"

मग गालांवर वांग, म्हणजे तपकिरी डाग, आला. स्कार्फ होता, तरी आला. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ऑफिसात बसता कुठे? तर पश्चिमेच्या खिडकीला लागून. काच बंद, पंखा चालू, म्हणून मी निवांत. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार, यूव्हीबी आणि यूव्हीए. काचेतून यूव्हीबी किरण जवळपास येत नाहीत, म्हणून कातडी भाजत नाही. पण यूव्हीए बरेचसे आत येतात आणि डाग गडद करतात. ट्यूबवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासून किती वाचवतं ते सांगतो. यूव्हीएसाठी ट्यूबवरच्या पीए (PA) या अक्षरांपुढची + ही चिन्हं मोजायची, चार असतील तर उत्तम. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतो, ५० साधारण ९८ टक्के. तेवढ्या एका टक्क्यासाठी खिसा फाडायची गरज नाही, पण आपण सगळ्याच जणी लावताना कंजूषपणा करतो, म्हणून मी ५० घेते.

आता सनस्क्रीन लावल्यावर येणाऱ्या चमकेचं. मला ती हवी असते, लपवून काय करू? पाच तास व्हाउचर तपासून चेहरा सुकलेल्या केळीच्या पानासारखा होतो. पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हाताच्या पाठीवर जे सुंदर दिसलं, ते नेहरू चौकाच्या सिग्नलला तळल्यासारखं दिसलं. आपल्याकडे भरिताचं वांगं घेताना आपण त्याची तुकतुकी बघतो, आणि भरीत झालं की वर तेलाचा तवंग येतो. दोन्ही चमकतात. ताटात तवंग मला आवडतो, तोंडावर नाही.

चमक दोन प्रकारची असते, हे मला पैसे घालवून कळलं. एक ओलाव्याची, ग्लिसरीनसारख्या घटकांमुळे येणारी. दुसरी अभ्रकाच्या बारीक पुडीची, लेबलवर मायका लिहिलेलं असतं. ही पूड पांढरट किंवा गुलाबी झाक मारणारी असेल, तर माझ्यासारख्या सावळ्या रंगावर राख फासल्यासारखी दिसते. ऊन अडवणारं पांढरं झिंक ऑक्साइड जास्त असलं तरी तसंच होतं. त्यापेक्षा हलका तपकिरी रंग असलेली सनस्क्रीन बरी. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडापासूनही थोडं वाचवतं, आणि वांगासाठी ते उपयोगाचं. जाहिरातीत मात्र चमक म्हणजे गोरेपणा, असंच अजून सुचवत राहतात. मला गोरं व्हायचं नाही हो, मला फक्त संध्याकाळपर्यंत थकलेलं दिसायचं नाही.

म्हणून घ्यायच्या आधी जबड्याच्या कडेला थोडं लावा, दुकानाबाहेर उन्हात या, पंधरा मिनिटं थांबा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

स्वस्त कशाला म्हणायचं, तो हिशेब पतपेढीतल्या बाईकडून ऐका. समजा एक ट्यूब ३० ग्रॅमची ३०० रुपयांना, दुसरी ८० ग्रॅमची ४८० ला. हात पहिलीकडेच जातो. पण पहिली ग्रॅममागे १० रुपये पडते, दुसरी ६. दोन बोटांवर लांब ओढलेली रेघ म्हणजे साधारण एक ग्रॅम, चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. सकाळी एकदा आणि दुपारी बाहेर पडायच्या आधी एकदा, म्हणजे महिन्याला ६० ग्रॅम. पहिलीचे ६०० होतात, दुसरीचे ३६०. महाग क्रीम पुरवून पुरवून वाटाण्याएवढं लावण्यापेक्षा बेताच्या भावाचं भरपूर लावलेलं कधीही चांगलं. उन्हात सलग फिरणं असेल तर दर दोन तासांनी लावायला सांगतात. लग्नसराईत मला ते एकदाही जमलेलं नाही.

ब्रँडचं नाव विचारू नका. माझी त्वचा कोरडी, माझ्या बहिणीची तेलकट, तिला माझीच ट्यूब दिली तर तासाभरात तिचं कपाळ चमकायला लागलं. तिच्यासाठी जेल आणि मॅटच.

एक वेडेपणा सांगते. मागच्या उन्हाळ्यात ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवायचे, हाताशी असावी म्हणून. पारा ४५ च्या आसपास, गाडी उन्हात. आठ दिवसांनी दाबली तर आधी पाणी आलं, मग चोथा. उष्णतेनं मिश्रण फुटलं की ट्यूबवरच्या एसपीएफच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. अर्धी ट्यूब कचऱ्यात गेली, आणि सासूबाई तेव्हा नेमक्या समोर होत्या.

आता ट्यूब डब्याच्या पिशवीत जाते, ताकाच्या थंड बाटलीला टेकून.