‘जास्त सेंटीमीटर दिसतील त्या तारखा बुक करा’ : या सल्ल्यात गोम कुठे आहे

हिवाळा तोंडावर आला की स्कीवाल्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. थोडक्यात असा: हवामानाचं ॲप उघडा, १४ दिवसांचा अंदाज बघा आणि बर्फाचे सेंटीमीटर सगळ्यात जास्त दिसतील त्या तारखा बुक करा. रिसॉर्टचं तापमान शून्याखाली आहे ना, एवढं तपासा. मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी उतारावर वर नेणाऱ्या पहिल्या लिफ्टला हजर राहा. आकडा पटला नाही तर दुसरं ॲप बघा. आणि निघण्याआधी वेबकॅम.

वेबकॅमचं सोडलं तर यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धवट आहे.

‘१४ दिवस आधी आकडा कळतो’

दिसतो, कळत नाही. ॲपवर झळकणारे ३८ सेंमी हा बरेचदा एका मॉडेलच्या, म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमच्या, एकाच रनचा (एकदा चालवून आलेला) आकडा असतो. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल दिवसातून चारदा नव्याने चालवलं जातं. त्यामुळे सकाळी ३८ सेंमी दाखवणारा पुढच्या आठवड्यातला शनिवार संध्याकाळी ६ वर घसरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २५ वर चढतो. दरम्यान आभाळात काही उलथापालथ झालेली नसते. मॉडेलला सुरुवातीला दिलेल्या निरीक्षणांत बारीकसा फरक असतो आणि तो दिवसागणिक फुगत जातो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी हे १९६३ मध्येच दाखवून दिलं होतं.

यावर उपाय म्हणून युरोपीय हवामान केंद्र एकाऐवजी ५१ अंदाज चालवतं, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी. समजा, दहाव्या दिवसासाठी त्यातले ५ अंदाज ६० सेंमी सांगताहेत आणि उरलेले ४६ कोरडे आहेत. सरासरी येते जेमतेम ६ सेंमी. म्हणजे जो आकडा ५१ पैकी एकानेही दिलेला नाही, तोच ॲप तुम्हाला दाखवू शकतं! त्यावर विसंबून विमानाची तिकिटं काढणं म्हणजे बाजारात तुरी...

ढोबळ हिशोब असा ठेवावा: तीन दिवसांच्या आतला आकडा गंभीरपणे घ्या. चार ते सात दिवसांत वादळ येतंय की नाही एवढंच बघा. त्यापुढे फक्त कल, म्हणजे आठवडा थंड-ओला दिसतोय की उबदार-कोरडा. तारखा महिनाभर आधी पक्क्या करायच्या असतील, तर अंदाज बाजूला ठेवून जागेची उंची आणि त्या महिन्याचा आजवरचा अनुभव बघणं जास्त शहाणपणाचं.

‘तापमान शून्याखाली असलं की बर्फच’

कुठलं तापमान? पायथ्याचं की शिखराचं? हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. पायथा १,४०० मीटरवर आणि तिथे ३ अंश असतील, तर २,४०० मीटरवर उणे साडेतीन. खाली पाऊस आणि वर उत्तम बर्फ, एकाच वेळी. उलटही घडतं. उंचावर उबदार हवेचा थर शिरला, की पायथा शून्याखाली असूनही वरून पाणी पडतं आणि खाली टेकताच गोठतं. स्कीसाठी याहून वाईट काही नाही.

त्यात भर म्हणजे बर्फ बरोबर शून्य अंशाच्या उंचीला वितळत नाही. कण वितळायला वेळ लागतो, म्हणून बर्फ-पावसाची सीमा साधारण दोनतीनशे मीटर खाली असते. हवा कोरडी असेल तर अधिक २ अंशांनाही बर्फ पडतो, कारण बाष्पीभवनाने कण थंड राहतो.

आणि मॉडेलचा डोंगर हा तुमचा डोंगर नव्हे. साधारण ९ किलोमीटरच्या चौकोनात दरी आणि शिखर दोन्ही घोटून एकच सरासरी उंची धरलेली असते. म्हणून अंदाज बघताना तो किती मीटर उंचीसाठी आहे, हे आधी शोधा. जे ॲप ते सांगत नाही, त्याचं तापमान पायथ्याला लागू की शिखराला, हे तुम्हीच ठरवत बसणार.

‘जास्त सेंटीमीटर म्हणजे जास्त मजा’

खरी मेख इथे आहे. मॉडेल मुळात पाण्याचे मिलिमीटर काढतं, सेंटीमीटर नंतर गुणाकाराने येतात. जुना नियम एकास दहा: २० मिमी पाणी म्हणजे २० सेंमी बर्फ. पण तेवढ्याच पाण्याचा ओला, जड बर्फ १२ सेंमीच भरेल आणि कोरडा, हलका ३० सेंमी किंवा त्याहून जास्त. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातल्या जड बर्फाला तिथले लोक ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात, तर अमेरिकेतलंच युटा राज्य हलक्या पावडरसाठी, म्हणजे भुसभुशीत कोरड्या बर्फासाठी, प्रसिद्ध. फांद्याफांद्यांचे मोठे स्फटिक साधारण उणे १५ अंशांच्या आसपास फोफावतात. स्फटिकाचा आकार तापमान आणि बाष्पावर ठरतो, हे जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी जपानच्या होक्काइडो बेटावर प्रयोगशाळेत स्फटिक वाढवून सिद्ध केलं. त्यांचा पहिला कृत्रिम हिमस्फटिक १९३६ चा. जोराचा वारा असेल तर हेच नाजूक स्फटिक मोडतात आणि थर घट्ट दाबला जातो.

अजून एक गोष्ट ॲप सांगत नाही: क्रम. वादळ उबदार सुरू होऊन थंड होत गेलं, तर खाली घट्ट आणि वर हलका बर्फ मिळतो, स्की छान तरंगते. आधी थंड आणि मग उबदार, तर हलक्या थरावर जड थर बसतो. स्की त्यात रुतते, वळताना गुडघ्यांची परीक्षा. दोन्हीकडे आकडा २५ सेंमीच. म्हणून तासातासाचं तापमान चढतंय की उतरतंय, हे बघा.

‘पडल्या पडल्या पहिली लिफ्ट पकडा’

लिफ्ट सुरू असेल तर. वादळाच्या शेपटाला कड्यावर वारा असतो आणि वरच्या लिफ्ट त्यानेच बंद राहतात. बर्फाच्या आकड्याइतकाच शिखरावरच्या वाऱ्याचा आकडाही वाचायला हवा.

रिसॉर्टच्या आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्यांसाठी तर हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. ताजा बर्फ आणि वारा यांनंतरचा पहिला एकदोन दिवसांचा काळ हिमस्खलनाला फार अनुकूल असतो. धोक्याची पातळी एक ते पाच अशी असते आणि तीन म्हणजे ‘मधली, चालतंय’ असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात बरेच जीवघेणे अपघात याच पातळीला होतात, आणि अशा अपघातांत हिमस्खलन बहुतेकदा सापडलेल्यांनी किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेलं असतं. हवामानाचा अंदाज हिमस्खलनाच्या बुलेटिनची जागा घेत नाही.

‘नाही पटलं तर दुसरं ॲप’

हवा तो आकडा मिळेपर्यंत ॲप बदलणं म्हणजे मनाची समजूत. बऱ्याच ॲपांखाली तीच दोनचार मॉडेल असतात. तुलना करायचीच तर एकवाक्यता आहे का, हे तपासण्यासाठी करा. एक ५ म्हणतंय आणि दुसरं ४५, तर अजून काहीच ठरलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

‘निघण्याआधी वेबकॅम’

हे मात्र बरोबर. फक्त पायथ्याचा नको, मधल्या किंवा वरच्या स्थानकाचा बघा, आणि मोजपट्टीची पाटी दिसत असेल तर ती किती वाजता साफ केली जाते हेही. कालचे २० सेंमी आज पट्टीवर १४ दिसले तर कुणी फसवलेलं नसतं, ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने खाली बसतोच.